जमावबंदीचा आदेश हातात आला की काय वाचायचं

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचं स्थानिक पान उघडा. दर पंधरवड्याला चार ओळींची बातमी असते: ‘जिल्ह्यात शस्त्रबंदी व जमावबंदी आदेश लागू’. सण, जयंत्या, उपोषणं, मोर्चे यांची यादी, आणि खाली अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हवाला. बहुतेक जण ती ओलांडून पुढं जातात. ज्याला ठिय्या धरायचा असतो त्याला ती थेट पोलीस ठाण्यात कळते. ‘जमावबंदी आहे, परवानगी मिळणार नाही’ एवढं ऐकून तो परत येतो. आदेशाची प्रत मागायचं त्याच्या डोक्यातच येत नाही.

मागायला पाहिजे, कारण संविधानानं दिलेल्या हक्कावर सरकारला मर्यादा घालता येते ती अशा कागदावरच. कागदात कायद्याचं कलम, कारण, जागा आणि मुदत असली तर ती मर्यादा. नसली तर ती नुसती अडवणूक. ‘वरून आदेश आहे’ याला कायदा म्हणत नाहीत. पाळतीवरच्या माणसाच्या घरी रात्री-बेरात्री जाऊन खात्री करण्याची उत्तर प्रदेश पोलिसांची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात मोडून काढली. त्या पद्धतीमागं पोलिसांची स्वतःची नियमावली होती, विधिमंडळाचा कायदा नव्हता.

आता तो पंधरवड्याचा आदेश. तो बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) खाली निघतो. पोटकलम (१) वस्तू आणि कृतींबद्दल आहे: तलवारी, भाले, सोटे, लाठ्या, बंदुका, स्फोटकं, दगड जवळ बाळगणं, प्रेतं किंवा प्रतिकृती मिरवणं, जाहीर घोषणा देणं, गाणी, वाद्यं. पोटकलम (३) जमाव आणि मिरवणुकीबद्दल आहे, आणि त्यालाच खाली परंतुक जोडलेलं आहे: राज्य शासनाची मंजुरी नसेल तर अशी बंदी १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. बातमी दर पंधरा दिवसांनी का येते याचं उत्तर इथं आहे. जुना आदेश संपतो, नवा निघतो, बऱ्याचदा मजकूर तोच असतो आणि तारखा बदललेल्या असतात.

आदेशाचा शेवटचा भाग नीट वाचा. तिथं सूट लिहिलेली असते: कामावरचे शासकीय कर्मचारी, लग्न, अंत्ययात्रा, आणि ‘ज्यांना सक्षम पोलीस अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आहे असे’. म्हणजे या आदेशानं सभा बंद होत नाही, ती परवानगीच्या आधीन होते. ‘जमावबंदी आहे म्हणून परवानगी नाही’ हे उत्तर त्या आदेशाच्याच विरोधात जातं. परवानगी नाकारायची तर त्या सभेपुरतं वेगळं कारण द्यावं लागतं.

परवानगी घेऊनच सभा, हे इथल्या जुन्या पिढीला ऐकून माहीत आहे. निजामाच्या राज्यात गश्ती (सरकारी परिपत्रक) काढून सभांवर परवानगीची अट घातली होती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली, आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून कॉलेज सोडावं लागलं. त्या गश्तीला आव्हान द्यायला संविधानातलं मूलभूत हक्कांचं प्रकरण नव्हतं. आज आहे, आणि त्याचा वापर बीड जिल्ह्यातून झालेला आहे.

जानेवारी २०२० मध्ये माजलगावला जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात संध्याकाळी बसून शांततेत निदर्शनं करायची होती. पोलिसांनी परवानगी नाकारली. आधार दाखवला अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कलम ३७ च्या आदेशाचा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं गेलं. १३ फेब्रुवारी २०२० ला खंडपीठानं तो आदेश आणि पोलिसांचा नकार दोन्ही रद्द केले. न्यायालयानं आदेशाची भाषा आणि त्या वेळची परिस्थिती शेजारी ठेवून पाहिली. कागदावर बंदी सगळ्यांवर होती, पण त्या काळात परिसरात दुसऱ्या कुठल्या आंदोलनाची कुणकुण नव्हती, म्हणजे आदेशाचा रोख एकाच गटावर होता. हे प्रामाणिकपणाचं नाही, असं निकालात आहे. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, हेही आहे. तुमची बाजू कुठलीही असो. उद्या आरक्षणाचा, पीकविम्याचा किंवा पाण्याचा मोर्चा असेल, तेव्हाही हा निकाल लागू पडतो. कलम ३७ च्या छापील आदेशाला आव्हान देणाऱ्यानं आधी तोच वाचावा.

हक्क सगळे एका मापाचे नाहीत, हे इथं स्पष्ट करायला हवं. अनुच्छेद १९ मधले हक्क, म्हणजे बोलणं, शांततेनं आणि निःशस्त्र जमणं, संघटना, फिरणं, राहणं, धंदा, हे मर्यादेसकटच दिलेले आहेत. बोलण्यावर मर्यादा घालायला अनुच्छेद १९(२) मध्ये आठच कारणं आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यादी इथं संपते. ‘भावना दुखावल्या’, ‘प्रशासनाची बदनामी झाली’, ‘मंत्र्यांचा दौरा आहे’ ही कारणं तशी यादीत नाहीत, ओढूनताणून सुव्यवस्थेत बसवावी लागतात. जमण्यावरची कारणं तर दोनच आहेत: एकात्मता आणि सुव्यवस्था.

अनुच्छेद २१ चं जीवित आणि स्वातंत्र्य कायद्यानं ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय हिरावता येत नाही, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालापासून ती प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असावी लागते. काही ठिकाणी मर्यादेची भाषाच नाही. अस्पृश्यता बंद करणाऱ्या अनुच्छेद १७ ला अपवाद नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा अनुच्छेद २०. आणीबाणीत काय उरतं, हा प्रश्न १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा चार न्यायमूर्तींनी कोर्टाचं दार बंद केलं आणि एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं लिहून ठेवलं की आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ ची अंमलबजावणी थांबवता येणार नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात तो १९७६ चा निकाल चुकीचा ठरवून पुसला गेला.

मर्यादा वाजवी आहे का हे न्यायालय आता ठरावीक क्रमानं तपासतं. आधार म्हणून कायदा आहे का, हेतू रास्त आहे का, उपायाचा त्या हेतूशी खरोखर संबंध आहे का, याहून सौम्य उपायानं भागलं असतं का, आणि शेवटी लोकांनी जे गमावलं ते मिळवलेल्याच्या मानानं जास्त आहे का. गाडी बहुतेक वेळा अडते ती चौथ्या प्रश्नावर. १९५० चा विड्यांचा खटला याचं माझ्या आवडीचं उदाहरण आहे. सागर जिल्ह्यात शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून काही गावांत विड्या वळण्यावर सरसकट बंदी घातली. हेतू चांगला होता. पण म्हातारी माणसं, अपंग, शेतात जाऊ न शकणाऱ्या बाया, यांचेही हात बंदीनं थांबवले, आणि हे लोक तसेही शेतावर जाणार नव्हते. कामाचे तास किंवा ठरावीक कामगार यांच्यापुरता नियम करता आला असता. सर्वोच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. अति रुंद पसरलेला आदेश कसा पडतो ते यात स्वच्छ दिसतं.

उलट बाजूचं उदाहरण लातूरचं आहे. मार्च २०१६ मध्ये शहराला पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला अजून वेळ होता, आणि टाक्यांवर, टँकर भरायच्या ठिकाणी मारामाऱ्यांची भीती होती. जिल्हाधिकाऱ्यांनी पाण्याच्या या जागांभोवती पाचपेक्षा जास्त लोक जमण्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली बंदी घातली. कारण डोळ्यांसमोर होतं, जागा नेमक्या होत्या, शहरभर जमावबंदी नव्हती. रांगेचे टोकन आणि टँकरच्या वेळा आधी लावून भागलं असतं का, हा प्रश्न इथंही विचारता येतो, पण निदान आदेशाचा आकार प्रश्नाएवढा होता. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्राभोवती ठरावीक मीटरच्या आत, पेपरच्या वेळेपुरती जी बंदी लागते तीही याच जातीची.

ते कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या आदेशात १६३ दिसायला पाहिजे. सही जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचीच चालते. पोलीस निरीक्षक स्वतःच्या सहीनं जमावबंदी लावू शकत नाहीत. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथं आयुक्तांच्या पातळीवरून आदेश निघतात. आदेश लेखी असावा लागतो आणि त्यात घटनेची ठोस तथ्यं असावी लागतात. ‘गोपनीय अहवालानुसार शांतता भंग होण्याची शक्यता आहे’ एवढंच लिहिलं असेल तर तथ्यं आलेली नाहीत. मुदत जास्तीत जास्त दोन महिने. राज्य शासन ती वाढवू शकतं, पण मूळ मुदत संपल्यापासून सहा महिन्यांच्या पुढं नाही. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि मतभेद दाबायला हे कलम वापरता येत नाही.

या कलमातली एक तरतूद लोक वापरतच नाहीत. आदेशाची झळ बसलेली कुठलीही व्यक्ती त्याच दंडाधिकाऱ्याकडं अर्ज करून आदेश मागं घ्या किंवा बदला म्हणू शकते. अर्जदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर लेखी कारणं द्यावी लागतात. ही कारणं पुढं खंडपीठात फार उपयोगी पडतात.

आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणाच्या जिवाला धोका झाला किंवा दंगल झाली तर एक वर्ष किंवा ५,००० रुपयांपर्यंत. मात्र या कलमाची दखल न्यायालय घेतं ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे. नुसत्या एफआयआरवर आणि दोषारोपपत्रावर चाललेली अशी कितीतरी प्रकरणं पुढं टिकत नाहीत. कलम ३७ मोडल्याचा गुन्हा वेगळा, पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली लागतो, त्याला २१५ चं संरक्षण नाही. म्हणून एफआयआरमध्ये नेमकं कुठलं कलम आहे ते आधी बघा.

मोर्चाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांच्या घरी जी नोटीस येते, जिला अजून सगळे ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. ती ताकीद असते. तिनं तुमच्यावर बंदी येत नाही. सही देताना ‘मिळाली’ एवढंच आणि तारीख-वेळ लिहा. प्रतिबंधक अटक कलम १७० खाली होते, २४ तासांपुरती. पुढं ठेवायचं तर दुसरा कायदेशीर आधार लागतो. अटक कुठल्याही कलमाखाली झाली तरी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं नेणं, नातेवाइकाला कळवणं, वकील भेटू देणं बंधनकारक आहे. साध्या फौजदारी गुन्ह्यांतसुद्धा अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, असं सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

इंटरनेटबंदीचा अनुभव जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरला पुरेसा आहे. २६ फेब्रुवारी २०२४ ला मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि तिन्ही जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद झालं. जिल्हाधिकारी आपल्या सहीनं इंटरनेट बंद करू शकत नाहीत. तो अधिकार राज्याच्या गृह सचिवांचा. अगदीच अडचण असेल तर त्यांनी नेमलेल्या सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा, आणि त्यालाही २४ तासांत मान्यता लागते. २०१७ च्या नियमांच्या जागी नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार अधिनियम, २०२३ खालचे नवे नियम आले. आदेश प्रसिद्ध करायचा, त्यात कारण, भूभाग आणि मुदत लिहायची, १५ दिवसांच्या वर जायचं नाही, आणि पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीनं तो तपासायचा. खरी गोम या पाच दिवसांत आहे. बंदी दहा तासांची असते. समिती बसते तेव्हा तपासायला काही चालू उरलेलं नसतं. मोंढ्यातले व्यवहार, युपीआयवर चालणारी टपरी, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख, यांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. अख्खा जिल्हा बंद करण्याऐवजी दोन-चार तालुके का पुरले नाहीत, हे आदेशात लिहायला लावलं पाहिजे असं माझं मत आहे.

तडीपारीत हक्क जातो तो अनुच्छेद १९(१)(घ) चा, देशभर फिरण्याचा. पोलीस अधिनियमाचं कलम ५५ टोळीसाठी, ५६ एकट्या माणसासाठी, ५७ शिक्षा झालेल्यांसाठी. कलम ५९ प्रमाणे आरोपांचं साधारण स्वरूप कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जास्तीत जास्त मुदत दोन वर्षं. जालना जिल्ह्यातून केलेली अशीच एक दोन वर्षांची तडीपारी सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ ला रद्द केली. जुन्या, शिळ्या गुन्ह्यांचा आधार घेतला होता आणि पूर्ण दोन वर्षंच का याचं कारण आदेशात नव्हतं. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, कारणाशिवाय कमाल मुदत लावणं वाजवी मर्यादेत बसत नाही, असं निकाल सांगतो. तेव्हापासून नोटिशीला उत्तर देताना तीन गोष्टी नक्की लिहाव्यात: प्रत्येक गुन्ह्याची तारीख आणि आजची स्थिती (निर्दोष सुटलेले ठळक लिहा), शेवटच्या गुन्ह्यापासून गेलेला काळ, आणि एका तालुक्यातल्या भांडणासाठी शेजारचे जिल्हे का जोडले हा प्रश्न. आदेशापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडं अपील आहे. घाईत लोक ही मुदत घालवतात.

एमपीडीए हा राज्याचा स्थानबद्धतेचा कायदा याहून कडक. १९८१ चा हा कायदा आरोप सिद्ध होण्याआधीच एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करू देतो. हातभट्टीवाले, ‘धोकादायक व्यक्ती’ आणि आता वाळू तस्करही त्यात येतात, म्हणून गोदाकाठच्या तालुक्यांत हे नाव सगळ्यांना पाठ आहे. त्याला आवर घालतात त्या मुदती. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांत द्यायची, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाला राज्य शासनाची मंजुरी १२ दिवसांत, सल्लागार मंडळाकडं तीन आठवड्यांत, मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत. एक मुदत चुकली तरी हर्सूल जेलचं दार उघडू शकतं. दुसरा नेहमीचा मुद्दा १९६५ च्या राममनोहर लोहिया निकालातला: कायदा-सुव्यवस्थेचा साधा प्रश्न वेगळा आणि सार्वजनिक सुव्यवस्था वेगळी. बसस्टँडवर दोघांत झालेली चाकूबाजी हा गुन्हा आहे, त्याचा खटला चालवा. तेवढ्यानं सगळ्या गावाचं जगणं विस्कटलं असं होत नाही. गोपनीय जबाब अधिकाऱ्यानं स्वतः पडताळले नसणं, हेही आदेश पडण्याचं ठरलेलं कारण.

सभेचा अर्ज द्यायचा असेल तर निदान आठ-दहा दिवस आधी द्या, म्हणजे नकार आला तरी खंडपीठात जायला वेळ राहतो. तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, नेमकी जागा, अपेक्षित संख्या, मिरवणुकीचा मार्ग, स्वयंसेवकांची नावं, लाऊडस्पीकर लागेल का (रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत तो चालत नाही), सगळं लिहा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी नकार आला तर त्याच दिवशी ‘आपण तोंडी नकार दिला, लेखी कारणं द्यावीत’ असं पत्र देऊन त्याचीही पोच घ्या. पोलीस मार्ग किंवा वेळ बदला म्हणाले तर शक्य तेवढं मान्य करा. सौम्य पर्याय तुम्ही स्वीकारला होता हे नंतर न्यायालयात तुमच्या बाजूनं बोलतं.

आदेशाची प्रत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयाचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. साधी मुदत ३० दिवसांची, पण विषय कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत माहिती द्यावी लागते. कुणी कोठडीत असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा, नाहीतर अर्ज तीस दिवसांच्या गठ्ठ्यात जातो. राज्य मानवी हक्क आयोगाकडं जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.